आडात असेल तर पोहऱ्यात येईल

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो,



रब्बीचे दिवस आहेत. गव्हाला पाणी, हरभऱ्यावरची घाटेअळी, कांद्याची लागण, अशा गडबडीत तुम्ही असाल. नेहमीप्रमाणे आजही पिकावरच लिहायला बसलो होतो. गव्हाच्या पहिल्या पाण्याविषयी चार ओळी लिहूनही झाल्या. पण लिहिता लिहिता एका घरची हकिकत डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या घरी विहिरीला पाणी भरपूर होते, तरी गहू तहानला होता. तेव्हा आज पीक थोडे बाजूला ठेवू आणि माणसांविषयी बोलू. शेती शेवटी माणसेच करतात, आणि माणसांचे बिनसले की उत्तम बियाणे आणि उत्तम खतसुद्धा काही करू शकत नाही.

गावाचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण थोड्याफार फरकाने हे घर तुमच्याही गावात असेल. दोन सख्खे भाऊ. वडील वारल्यावर जमीन वाटली गेली, पण विहीर, मोटार आणि पाइपलाइन सामाईक राहिली. थोरल्याकडे मोटारघराची किल्ली. पाळी कोणाची, कधीची, हे तोच ठरवायचा.

गेल्या वर्षी धाकट्याने मला गहू बघायला बोलावले. म्हणाला, "साहेब, गहू पिवळा पडलाय, फुटवाच नाही. कोणतं औषध मारू?"

मी दोन-चार रोपे उपटून पाहिली. रोग नव्हता, कीड नव्हती. विचारले, "पेरून किती दिवस झाले?"

"छत्तीस."

"आणि पहिलं पाणी?"

तो गप्प. मग म्हणाला, "एकतिसाव्या दिवशी."

तुम्हांला ठाऊकच आहे, गव्हाला पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी सर्वांत महत्त्वाचे. ते चुकले की मुळे धरत नाहीत, फुटवे येत नाहीत, आणि मागाहून कितीही पाणी दिले तरी ती भर निघत नाही. हे धाकट्यालाही माहीत होते. मग पाणी का चुकले?

उत्तर त्याच्या बायकोने दिले. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "साहेब, विहिरीत पाणी हाय. पण वीज कधी दिवसा असती, कधी राती. दिवसाची पाळी आली की ती दादांची, आन् रातची आली की ती आमची. त्या हप्त्यात शेजारच्या उसात बिबट्याची पावलं दिसली. मीच यांना म्हणलं, जाऊ नका. गहू गेला तर गेला."

बंधूंनो, यावर माझ्याकडे औषध नव्हते. कोणत्याच दुकानात ते मिळत नाही.

परतताना थोरल्याच्या ओट्यावर चहाला थांबलो. तोही मनात भरून बसला होता. म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. मी घरात मोठा. दोन पोरींची लग्नं मी केली, ह्याचं शिक्षण मी केलं. आज माझा शब्द कुणी मानत नाही. धाकटा बोलत नाही, पोरगा उलटून बोलतो. घराला शिस्त नको का? वडील होते तोवर त्यांच्या एका खाकरण्यावर घर चालायचं."

त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. त्याने खरोखरच खस्ता खाल्ल्या होत्या. मी सहज विचारले, "वडील असताना रात्रीची पाळी कुणाकडे असायची?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. कपातला चहा निवला. मग हळूच म्हणाला, "म्हातारा सोता जायचा. आम्हांला झोपू द्यायचा."

मी पुढे काही बोललो नाही. तो काय म्हणाला ते त्याचे त्यालाच कळले होते.

वडिलांचे खाकरणे

आपल्याला काय वाटते? वडिलांचा दरारा होता, म्हणून घर ऐकत होते. पण तो दरारा आला कुठून? घरातले सर्वांत जड काम ते स्वतःकडे घेत होते. थंडीतली रात्रपाळी त्यांची, सणाला नवे कापड घ्यायचे झाले तर स्वतःचे सर्वांत शेवटी. पोरांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून ते नुसते खाकरले तरी पुरत होते. थोरल्याने वडिलांची किल्ली घेतली, खाकरणेही उचलले. रात्रपाळी तेवढी घेतली नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. माणसाच्या शब्दाचेही तसेच आहे. आपल्या वागण्याच्या आडात जे असेल तेच शब्दाच्या पोहऱ्यातून वर येते. आड कोरडा असेल तर दोर कितीही लांब सोडा, पोहरा आदळेल, आवाज मोठा होईल, आणि पाणी थेंबभर निघणार नाही.

म्हणून आजचे सांगणे एवढेच आहे. घरात, गटात किंवा गावात जो नियम तुम्हांला चालावा असे वाटते, तो सर्वांत आधी आणि सर्वांत कडक स्वतःला लावा. यालाच मी तत्त्वाने जगणे म्हणतो. तत्त्व म्हटले की भिंतीवरच्या पाटीवरची मोठमोठी वाक्ये आठवतात. पण पाटी दुसऱ्याने वाचायची असते. तत्त्व स्वतःने पाळायचे असते.

माझे गोणपाट

तुम्ही म्हणाल, साहेबांना सांगायला काय जाते? खरे आहे. म्हणून माझी स्वतःची फजिती आधी सांगतो.

नोकरीला लागून फार वर्षे झाली नव्हती. खरिपाच्या तोंडाशी मी गावोगाव सोयाबीनच्या उगवणचाचणीचे प्रात्यक्षिक दाखवत होतो. पद्धत सोपी आहे. घरच्या बियाण्यातून शंभर दाणे सरसकट घ्यायचे, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी असेल तर ते बियाणे पेरायचे नाही. हे मी इतक्या वेळा सांगितले होते की झोपेतही सांगू शकलो असतो.

त्याच वर्षी माझ्या स्वतःच्या घरच्या शेतात, वडिलांनी राखून ठेवलेले बियाणे मी न तपासता पेरायला दिले. सुट्टी एकच दिवसाची होती, वापसा चांगला आला होता, गोणपाट भिजवायला सवड कोणाला? रान निम्मे खपले. मधे मधे टक्कल पडल्यासारखे दिसू लागले. दुबार पेरणी करावी लागली.

तेवढ्यावर भागले असते. पण माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावचे एक गृहस्थ पाहुण्यांकडे जाताना आमच्या शेतावरून गेले. पुढच्या सभेत, पन्नास माणसांसमोर, ते उभे राहिले. म्हणाले, "साहेब, तुमच्या घरच्या गोणपाटाचं काय झालं?"

सभा हसली. मी काय उत्तर दिले असेन? म्हणालो, "पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, त्याला कोण काय करणार!"

बंधूंनो, पावसाने तशी ओढ दिली नव्हती, आणि समोर बसलेल्या पन्नास शेतकऱ्यांना पाऊस कधी पडला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. मान मात्र त्या दिवशी गेला. बियाणे न तपासल्याबद्दल लोकांनी मला माफ केले असते. घाई कोणाची होत नाही? पण मी पावसावर ढकलले ते त्यांना खपले नाही. त्यानंतर वर्षभर त्या गावात मी गेलो की लोक "या साहेब, बसा साहेब" म्हणायचे, चहा द्यायचे, आणि मी सांगितलेले काहीही करायचे नाहीत.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी त्याच गावात सभा घेतली. घरच्या बियाण्याचे गोणपाट सोबत नेले. आधी उभा राहून सांगितले, "गेल्या वर्षी मी उगवणचाचणी केली नाही. दुबार पेरणी माझ्या चुकीने झाली. पावसाचे मी जे बोललो ते खोटे होते." बोलताना कानशिले तापली होती. मग सर्वांसमोर गुंडाळी उलगडली. शंभरात अठ्ठावन्न कोंब निघाले. म्हणालो, "म्हणजे यंदा मी बियाणे जास्त वापरणार."

ते गोणपाटवाले गृहस्थ पुढे आले. त्यांनी कोंब स्वतः मोजले. आणि त्या वर्षी त्या गावात जितक्या घरी गोणपाटे भिजली तितकी माझ्या पाच सभांनी भिजली नसती. नियम तोच, माणूस तोच. फरक एवढाच की ते बोलणे आता माझ्या स्वतःच्या शेतातून आले होते.

नायगावचा माळ

हे झाले घरचे आणि माझे. गावाच्या पातळीवर हे चालते का? चालते. त्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे.

1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका पर्जन्यछायेचा. माणसे रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या वेळी विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक अभियंता-कारखानदार त्या भागात हिंडले. अचूक मापनाची उपकरणे बनवणारा त्यांचा कारखाना होता. आपले पोट भरलेले असताना तिथे जायचे त्यांना कारण नव्हते. त्यांनी पाहिले की पावसाळ्यात पडणारे पाणी वाहून जाते आणि मग तीच माणसे खडी फोडायला येतात.

आता त्यांनी काय केले ते पाहा. आल्याबरोबर व्याख्यान दिले नाही. नायगावला देवस्थानची 40 एकर माळाची जमीन त्यांनी भाडेपट्ट्याने घेतली, आणि त्या उतारावर स्वतः पाणी आडवून, जिरवून, विहीर काढून शेती करून दाखवली. 1974 साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. माळ हिरवा झाला, लोकांनी तो पाहिला, आणि मग पाणी पंचायतीचे नियम पुढे आले.

ते नियम ऐका, कारण ते सोपे नव्हते. पाणी जमिनीच्या आकारावर मिळायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. पाणी सोडायला पाटकरी नेमायचा, आणि तोही लाभधारकांनीच.

विचार करा. वीस एकराच्या धन्याने अडीच एकरावर समाधान मानायचे, आणि शेजारच्या भूमिहीनाला आपल्या बरोबरीचा वाटेकरी म्हणायचे! नुसते भाषण करणाऱ्या माणसाचे हे कोणी ऐकले असते का? ज्याने आधी स्वतः माळावर राबून दाखवले त्याने सांगितले, म्हणून माणसे बसून ऐकायला तयार झाली. साळुंखे 2002 साली गेले. पण आजही पाण्याच्या न्याय्य वाटपाचा विषय निघाला की पाणी पंचायतीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चांगुलपणालाही वही लागते

इथे एक शंका येईल. एक भगिनी मला म्हणाल्या होत्या, "साहेब, मी घरात सगळं आधी स्वतःवर घेते. तर सगळे म्हणतात, हिला जमतंय, हिलाच करू द्या." त्यांचे म्हणणे खरे आहे. स्वतःला नियम लावणे म्हणजे सगळ्यांचे ओझे मुकाट्याने वाहणे नव्हे. हे ओझे आपल्या घरांत बहुतेक वेळा बाईच्याच डोक्यावर येते, आणि मग आपण तिला समंजस म्हणून गौरवतो. तसले गौरव नकोत.

म्हणून पाणी पंचायतीतली दुसरी गोष्टही घ्या. तिथे मने चांगली होती म्हणून पाटकरी नको, असे कोणी म्हटले नाही. नियम ठरलेला होता, तो सर्वांना ठाऊक होता, आणि पाणी कोणाला किती हे पाटकऱ्याच्या हातात होते, बळकटाच्या नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारलाही तेच दिसते. पोपटराव पवारांचे हे गाव. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचे ते ठरते. आकडा सर्वांसमोर असतो. मग संशयाला जागा उरत नाही, आणि संशय गेला की निम्मी भांडणे जातात.

भगिनींच्या बचत गटांची पंचसूत्री तर तुम्हांला पाठच असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. माझ्या भागातल्या एका गटात बैठकीला उशिरा येणाऱ्याला दहा रुपये दंड होता. नियम कागदावर होता, वसुली कधी होत नव्हती. एके दिवशी अध्यक्षबाईंनाच उशीर झाला. म्हैस विणार होती, कारण खरे होते. सगळ्या म्हणाल्या, "ताई, तुमचं राहू द्या." त्या म्हणाल्या, "माझं राहिलं तर उद्या कुणाचंच घेता येणार नाही." कनवटीची दहाची नोट काढून पेटीत टाकली आणि वहीत स्वतःच्या नावापुढे लिहायला लावली. त्यानंतर त्या गटात दंडावरून कधी वाद झाला नाही. नोट दहाचीच होती, पण पहिली नोट अध्यक्षबाईंची होती.

गुंठाभर करून पाहा

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय करावे? नवे वाण आले की आपण सगळे रान त्याखाली घालत नाही. आधी गुंठाभर लावून बघतो. तसेच हेही करा. दहा तत्त्वे एकदम धरू नका. एकच धरा.

आपण ज्या गोष्टीवरून घरात सर्वांत जास्त बोलतो, ओरडतो, ती गोष्ट शोधा. पोराने जेवताना मोबाइल पाहू नये असे वाटते ना? मग महिनाभर तुमचा मोबाइल जेवणाच्या वेळी कोनाड्यात राहू द्या. सुनेने खर्चाचा हिशेब सांगावा असे वाटते? मग आधी तुम्ही बाजारातून आल्यावर पट्टी तिच्यापुढे ठेवा. तंबाखू-पानाचे किती गेले तेही सांगा. मजुरांनी वेळेवर यावे असे वाटते? मग त्यांची मजुरी ठरलेल्या वारी, त्यांनी न मागता, हातावर ठेवा. सरपंचांना वाटत असेल की लोकांनी घरपट्टी भरावी, तर पहिली पावती स्वतःची फाडावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.

तीन पथ्ये मात्र सांभाळा. पहिले, याचा गाजावाजा करू नका. "बघा, मी कसा पाळतो" असे म्हटले की त्या पाळण्याचा टोमणा होतो. दुसरे, चुकलात तर दुसऱ्याने दाखवायच्या आत स्वतः सांगा, आणि कारण खरे सांगा. पावसावर ढकलू नका! माझी फजिती आठवा. तिसरे, महिनाभर तरी समोरच्याकडून काही अपेक्षा करू नका. पेरल्या दिवशी कोणी उकरून कोंब बघत नाही. महिन्यानंतर मात्र सर्वांना बसवा, नियम मिळून ठरवा आणि वहीत लिहा.

त्या दोन भावांचे पुढे काय झाले?

हे विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, हे मी जाणतो.

मी गेलो त्यानंतर चार-पाच दिवसांनी रात्रीची वीज होती. थोरला उठला, बॅटरी आणि काठी घेतली आणि मोटार चालू करायला गेला. स्वतःच्या नव्हे, धाकट्याच्या गव्हाला पाणी द्यायला. कोणाला सांगितले नव्हते. थंडी कडाक्याची. दार मोडताना पाय घसरला आणि तो पाटात बसला. कुत्री भुंकली म्हणून धाकटा बाहेर आला, तर समोर बॅटरीचा उजेड आणि चिखलात बसलेला दादा. धाकट्याने त्याला हात देऊन उठवले. दोघांनी मिळून पाणी दिले. काय बोलले ते मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. थोरल्याचा मुलगा, जो उलटून बोलत होता, तो दुसऱ्या रात्री आपण होऊन काठी घेऊन निघाला. एकट्याने रात्री जायचे नाही, दोघांनी जायचे, हा नियम तेव्हापासून त्या घरात झाला. बिबट्याच्या भागात तो तुम्हीही करा.

नंतर मी गेलो तेव्हा मोटारघराच्या दाराला आतून एक दिनदर्शिका टांगलेली दिसली. दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी, दोन्ही घरांत निम्मी-निम्मी, पेनाने लिहिलेली. किल्ली दोन झाल्या होत्या.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. धाकट्याचा त्या वर्षीचा गहू कमीच उतरला. चुकलेले पहिले पाणी परत येत नाही. दोघी जावांचे बोलणे अजून कामापुरतेच आहे. त्याला वेळ लागेल. पण यंदा धाकट्याच्या गव्हाला विसाव्या दिवशी पाणी बसले. परवा बांधावरून जाताना पाहिला. फुटवा चांगला आहे. थोरला बांधावर उभा होता. मला म्हणाला, "साहेब, आता पोरगं ऐकतंय जरा."

मी विचारले, "काय सांगितलंत त्याला?"

तो हसून म्हणाला, "काहीच नाही."

तर बंधू-भगिनींनो, तुमच्या गव्हाचे पहिले पाणी चुकवू नका, आणि पाळी रात्रीची असेल तर ती कोणाच्या वाट्याला येते, तेही एकदा पाहा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी